पक्षी सातव्या धड्यात

"उद्देश?" दिवाण सरांनी पेनाचं टोपण काढून विचारलं.

"नातीशी बोलायचंय."

"तसा उद्देश आपल्याकडे नाही. नोकरी, शिक्षण, पर्यटन. तिन्हीतला एक सांगा."

"अहो सर, नोकरी करून मी निवृत्त झाले. शिक्षण म्हणाल तर जन्मभर शाळेत मुलींना शिवण शिकवलंय. आणि पर्यटन या गुडघ्यांनी मला हरिपूरपर्यंतसुद्धा झेपत नाही. माझी नात जर्मनीत असते. तिला जर्मनखेरीज काही येत नाही, मला त्यातलं अक्षर येत नाही. म्हणून आलेय."

"मग पर्यटन," ते म्हणाले आणि लिहूनही टाकलं.

त्याला आता सात-आठ वर्षं झाली, पण तो शब्द आठवला की आजही माझ्या डोक्यात तिडीक जाते. तेव्हाच उठून यायला हवं होतं. पण सांगलीत दुसरा वर्ग नव्हता. आमच्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर काही निवृत्त मंडळी आठवड्यातून दोनदा परक्या भाषा शिकवायची. सगळे स्वयंसेवक, फी वगैरे काही नाही. फ्रेंचला एक बाई होत्या, त्यांना कधी यायलाच जमायचं नाही, कारण घरात सारखं कुणाचं तरी बाळंतपण. जपानीचे सर जपानलाच निघून गेले. उरले दिवाण सर आणि त्यांचं जर्मन.

केतकी माझी एकुलती एक. लाइपझिग नावाच्या गावी नोकरीला गेली, तिथल्याच मार्कुसशी लग्न केलं, मुलगी झाली. मुलीचं नाव ठेवलं लोट्टे. आमच्या सूर्यवंशींच्या भावकीत लोकांची हसून मुरकुंडी वळली. हिचं लोटे तर दुसरीचं तांब्या ठेवा म्हणाले. मी म्हटलं, असू दे, त्यांची मुलगी, त्यांचं नाव. मी आपली तिला लोटी म्हणायचे. लोटी पाच वर्षांची असताना केतकी आजारी पडली आणि महिन्याच्या आत गेली. माझा व्हिसा हातात पडला तेव्हा तिकडे सगळं उरकलं होतं. मग मी गेलेच नाही. काय बघायला जाणार होते?

उरला तो रविवारचा फोन. दर रविवारी मार्कुस लोटीला घेऊन आपल्या आईकडे जेवायला जायचा, आणि जेवणं झाली की तिथून मला व्हिडिओ कॉल लावायचा. त्यांची दुपार, माझा चहा. मार्कुस भला माणूस, पण त्याच्या इंग्रजीची आणि माझ्या इंग्रजीची ओळखच नव्हती. तो म्हणायचा हाऊ आर यू, मी म्हणायचे फाइन. मोबाईलमधलं भाषांतर एकदा वापरून पाहिलं, तर त्यानं मला आदरणीय आजोबा करून टाकलं. मग तो फोन लोटीसमोर धरायचा. मी म्हणायचे, "लोटी, बाळा, इकडे बघ." ती बघायची. डोळे अगदी केतकीचे. थोडा वेळ बघायची, मग खुर्चीवरून उतरून निघून जायची, आणि मार्कुस रिकामी खुर्ची दाखवत सॉरी सॉरी म्हणत बसायचा.

केतकीवर माझा राग होता तो याचाच. पोरीला चार शब्द मराठी शिकवले असते तर काय बिघडलं असतं? मी विचारलं की म्हणायची, "आई, दिवसभर नोकरी, घरी आल्यावर तोंडातून जर्मनच निघतं. मराठी मी कधी बोलू तिच्याशी?" गेलेल्या माणसावर रागावता येत नाही म्हणतात. येतं. चांगलं रागावता येतं.

आणि एका रविवारी मार्कुसनं तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगितलं की हे फोन लोटीला जड जातात, फोन झाला की ती गप्प गप्प असते, तर काही महिने थांबू या का? मी नो नो म्हणाले, आणि वर "आय लर्न जर्मन" असंही ठोकून दिलं. दुसऱ्या दिवशी वाचनालयाचा जिना चढले. फोन थांबला की पोर मला विसरणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. एवढ्याशा जिवाला काही महिने म्हणजे केवढे. केतकीचं जे काही या जगात उरलं होतं ते त्या खुर्चीवर बसत होतं, आणि तेच उठून जात होतं.

"म्हणा सगळ्यांनी, वो इस्ट डेअर बानहोफ," दिवाण सर म्हणाले. "रेल्वे स्टेशन कुठे आहे?"

पहिल्या दिवशी स्टेशन. दुसऱ्या दिवशी स्टेशन. तिसऱ्या आठवड्यात ते एकदाचं सापडलं, तर गाडी कोणत्या फलाटावरून सुटते ते विचारायला लागलो. मधेच सरांना अठ्ठ्याहत्तर साल आठवायचं. पंप बनवणाऱ्या त्यांच्या कंपनीनं तेव्हा त्यांना दोन वर्षं स्टुटगार्टला पाठवलं होतं. "जर्मन माणूस कसा असतो सांगू? आधी पहिला स्क्रू, मग दुसरा स्क्रू. दुसरा आधी लावा म्हणालात तर तो हत्यारं ठेवून घरी जाईल." धड्यांचंही तसंच. एकूण धडे बारा, आणि पहिला पुरता संपल्याशिवाय दुसऱ्याचं पान उलटायचं नाही. एक बुधवार तर वाचनालयाच्या संचालकांच्या सत्कारात गेला. आमच्या वर्गात, आमच्याच वेळेत त्यांना शाल-नारळ दिला, आम्हाला पेढा मिळाला, आणि फलाट होता तिथंच राहिला.

शिकवणं काय असतं ते मला कळतं हो. काज करायला शिकवायचं तर मी मुलीच्या हातात आधी कापड द्यायचे, कापसाचा इतिहास नाही सांगायचे. पण इथं बोलणार कोणाला? सरांना पगार नाही, आम्हाला फी नाही, त्यामुळे भांडायला तोंडच नव्हतं. मी तरी भांडायचेच.

वर्गात बहुतेक मिरजेकडच्या नर्स मुली होत्या, तिकडच्या दवाखान्यांत नोकरी मिळवायच्या खटपटीतल्या. माझ्या शेजारी नसीम मुजावर बसायची. डोकं तल्लख आणि स्वभाव गरीब. मी करवादायला लागले की ती बाकाखालून माझा पदर ओढायची.

"काकू, जाऊ द्या ना."

"कशी जाऊ देऊ? लोटीला मी काय विचारू, स्टेशन कुठंय म्हणून?"

शेवटी एक दिवस मी सरांना खाली स्कूटरपाशी गाठलं.

"सर, मला एक वाक्य द्या फक्त. 'जेवलीस का?' एवढंच."

"तो भूतकाळ झाला. धडा दहावा."

"दहावा धडा येईपर्यंत माझं दहावं होईल."

सरांनी माझ्याकडे पाहिलं, हेल्मेट घातलं, परत काढलं. "हास्ट डू शोन गेगेसन," ते म्हणाले. "पण नियम कळल्याशिवाय वापरू नका. पुढे त्रास होतो."

नियम गेला खड्ड्यात. रिक्षात बसून मी घरापर्यंत तेच घोकत गेले, रिक्षावाला आरशातून बघत होता.

आता सगळ्या वाक्यांतून मी हेच का मागितलं, असं कुणी मला विचारू नये. फोनवर आपण दुसरं पहिलं काय विचारतो? माझी आई मला हेच विचारायची. केतकी पुण्याला वसतिगृहात होती तेव्हा मी तिला हेच विचारायचे, लाइपझिगला गेली तेव्हाही हेच. जेवलीस का म्हटलं की त्यात सगळं आलं. पलीकडून 'हो' आलं की जीव भांड्यात पडतो, पुढचं बोलणं मग सुचतं.

त्या रविवारी मी विचारलं. लोटी खुर्चीवरून उतरायच्या बेतात होती, ती थांबली. माझ्याकडे टक लावून बघत राहिली. मला कोण आनंद झाला. मग तिनं मान वळवून शेजारी पाहिलं. शेजारी रेनाटेबाई होत्या, मार्कुसची आई, म्हणजे माझी विहीण. उंचपुरी, पांढरे केस कापलेली, ताठ बाई. त्यांनी लोटीच्या खांद्यावर हात ठेवला आणि मार्कुसशी काहीतरी बोलल्या. लोटी उठून गेली नाही, नुसती खाली बघत बसली. मला वाटलं, जमलं.

पुढच्या रविवारी परत विचारलं, त्याच्या पुढच्या रविवारी परत. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा लोटीनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं, आणि रेनाटेबाईंनी फोन स्वतःच्या हातात घेतला. लाल झाल्या होत्या. माझ्याकडे बघून दोन वाक्यं बोलल्या, शांतपणे, एकेक शब्द सुटा करून, आणि फोन बंद झाला. मला त्यातलं काहीच कळलं नाही. स्टेशनचा उल्लेख नव्हता एवढं नक्की.

दुसऱ्या दिवशी मार्कुसचा भला मोठा इंग्रजी निरोप आला. तो मला धड समजेना, म्हणून मी वर्गाला लवकर गेले आणि मोबाईल नसीमच्या हातात दिला. ती आधी मनात वाचत गेली. वाचता वाचता तिचा चेहरा उतरला.

"वाच ना मोठ्यानं. काय म्हणतोय?"

"लिहिलंय की..." नसीम अडखळली. "प्रिय आई. केतकी गेल्यापासून लोट्टे नीट जेवत नाही. टेबलाशी बसते, पण ताटाला हात लावत नाही. वजन उतरलंय. डॉक्टरांनी सांगितलंय, तिच्याजवळ खाण्याचा विषय कुणीही काढायचा नाही. हळूहळू थोडं जमत होतं. पण तुम्ही विचारलंत की त्या दिवशी ती तोंडात काही घेत नाही. माझ्या आईला वाटतं, तिच्याकडे नात उपाशी राहते असा तुमचा संशय आहे, म्हणून तुम्ही दर वेळी तेच विचारता. तिला फार लागलंय. फोन आपण नाताळपर्यंत थांबवू या."

मी बाकावर बसले. पंखा फिरत होता. फळ्यावर मागच्या तासाची गाडी अजून फलाटावर उभी होती.

"म्हणजे वर्षभर पोर जेवत नाहीये," मी म्हणाले. "वर्षभर. आणि मला कुणी सांगत नाही. मी आजी आहे का कोण आहे? दर रविवारी समोर बसवतात, हाऊ आर यू म्हणतात, आणि ही गोष्ट सांगत नाहीत?"

"सांगणार कसं काकू?" नसीम म्हणाली. "कुठल्या भाषेत?"

मी आणखीच चिडले. मार्कुसवर चिडले, त्या डॉक्टरवर चिडले. रेनाटेबाईंवर तर फारच. जेवलीस का विचारण्यात कसला आलाय संशय? आम्ही काय कुणावर खटला भरायला विचारतो? बाई, तुम्ही जर मला विचारलं असतंत 'शालनताई, जेवलात का', तर मी तुम्हाला बहीण मानलं असतं. एवढ्यात दिवाण सर आत आले, आणि सगळं त्यांच्यावर निघालं.

"तुम्ही दिलेलं वाक्य," मी म्हणाले. "त्यानं माझा फोन बंद झाला."

"मी सांगितलं होतं तुम्हाला. नियम कळल्याशिवाय..."

"आग लागो त्या नियमाला. माझं वाक्य बरोबर होतं. बाकीचं सगळं चुकलंय."

सर फळ्याकडे वळून खडू शोधायला लागले. मुली येऊन आपापल्या जागी बसल्या. नसीम माझ्याजवळ सरकली आणि हळू आवाजात म्हणाली, "काकू, केतकीताई लहानपणी नीट जेवायच्या?"

"कसली जेवतेय. एकेका घासाला रडवायची मला. हा घास चिऊचा, हा घास काऊचा करत मी ताट घेऊन गल्लीभर फिरायचे. तिथंही मेलीचं उलटंच. सगळ्या जगातली पोरं आधी चिऊचा घास खातात, हिला आधी काऊचा पाहिजे. म्हणायची, चिऊला सगळेच देतात, काऊला कोण देणार? आधी काऊ, मग चिऊ, मग बाबा. चुकून कुणी आधी चिऊ म्हटलं की तोंड घट्ट मिटलंच, मग त्या वेळचं जेवण संपलं."

हे बोलता बोलता माझं मलाच काहीतरी सुचलं. केतकीला मी कधी 'जेव' असं म्हटलंच नव्हतं. म्हटलं असतं तर ती जन्मात जेवली नसती. मी पक्ष्यांना जेवू घालत होते, आणि पक्ष्यांचं म्हणून ती खात होती.

"नसीम, मार्कुसला लिही," मी म्हणाले. "नाताळपर्यंत थांबा, पण त्याआधी मला एक रविवार द्या. जेवणं झाल्यावर नको, जेवायला बसाल तेव्हाच फोन लावा. मी तिला खाण्याचं एक अक्षर विचारणार नाही. शपथ घेते म्हणावं. मी फक्त माझं जेवीन."

नसीमनं लिहिलं. मी उभी राहिले.

"सर, चिमणीला जर्मनमध्ये काय म्हणतात? आणि कावळ्याला?"

"पक्षी सातव्या धड्यात," सर फळ्याकडे तोंड करूनच म्हणाले. "आपण अजून दुसऱ्यात आहोत."

तेव्हा मात्र मी हात टेकले. ओरडले नाही. ओरडायची ताकद नव्हती.

"सर," मी म्हणाले, "माझी मुलगी गेली. तिची मुलगी तिकडे जेवत नाही. तुमचं स्टेशन मला सापडलं तरी मी गाडीत बसून कुठे जाणार नाहीये. मला दोन पक्षी पाहिजेत. ते घेतल्याशिवाय मी आज इथून हलत नाही."

सर वळले. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत घातला.

"मला येत नाही," ते म्हणाले.

"काय येत नाही?"

"कावळा. चिमणी येते, कावळा नाही येत. आम्ही पंपांचं काम करायचो हो. झडप विचारा, बेअरिंग विचारा, गळती विचारा. कावळ्याशी कधी संबंधच आला नाही. सातवा धडा येईपर्यंत घरी बघून ठेवणार होतो."

मला हसावं की रडावं कळेना. सहा महिने या माणसाशी मी भांडत होते. त्याला गळतीसाठी शब्द होता आणि कावळ्यासाठी नव्हता. मुलींनी माना खाली घातल्या. वर्गात मोबाईल बंद, असा सरांचा कडक नियम होता, पण त्यांनीच नसीमला खूण केली.

"बघ गं," ते म्हणाले. "कावळा बघ."

नसीमनं बघितलं. क्रेए. सरांनी तो शब्द दोनदा स्वतःशी म्हणून पाहिला, मग फळ्यावरची गाडी, फलाट, सगळं पुसून दोन वाक्यं लिहिली. वर 'हा चिमणीसाठी', खाली 'हा कावळ्यासाठी'. दास इस्ट फ्यूर देन श्पाट्झ. दास इस्ट फ्यूर दी क्रेए. मग सगळ्या वर्गाकडून ती म्हणून घेतली. मिरजेच्या नर्स मुली, आयुष्यात ज्यांना चिमणीचं औषधपाणी करावं लागणार नव्हतं, त्या माझ्यासाठी तासभर श्पाट्झ आणि क्रेए ओरडत होत्या. खालून ग्रंथपाल बघायला आले की वर चाललंय काय. सरांनी त्यांना जिन्यातूनच परत पाठवलं. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा मला दिवाण सरांविषयी बरं वाटलं.

मार्कुसचं उत्तर दोन दिवसांनी आलं. एक रविवार, म्हणाला.

त्या रविवारी ऐन चहाच्या वेळी मी कुकर लावला. वरणभात, तूप, लिंबाची फोड. शेजारच्या बाईंनी विचारलंसुद्धा, ताई बरं नाही का, आत्ता जेवताय. मी मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला, समोर ताट घेतलं आणि बसले. पोटात भुकेचा पत्ता नव्हता.

फोन लागला. लांबुळकं टेबल, पांढरा टेबलक्लॉथ. एका टोकाला मार्कुस, शेजारी रेनाटेबाई, पाठ ताठ, हात मांडीवर. मधे लोटी. तिच्या ताटात कुस्करलेला बटाटा आणि मटार, आणि चमचा न उष्टावलेला. पोर खरोखर वाळली होती. इतके दिवस मी फक्त तिचे डोळे बघत होते, गालांकडे लक्षच गेलं नव्हतं.

मार्कुस म्हणाला हाऊ आर यू, मी म्हणाले फाइन. रेनाटेबाईंना मी हात जोडून नमस्कार केला. त्यांनी मान हलवली, तीही कमीत कमी. मग मी कुणाकडेही न बघता भात कालवायला लागले. लिंबू पिळलं. एक घास केला, वर उचलला आणि सगळ्या वर्गानं घोकून घेतलं होतं तसं, फळ्यावर होतं त्याच क्रमानं म्हणाले, "दास इस्ट फ्यूर देन श्पाट्झ." हा चिमणीसाठी. आणि खाल्ला.

पलीकडे काहीच झालं नाही. कुणी हललं नाही. मग रेनाटेबाई वाकून मार्कुसशी चढ्या आवाजात बोलायला लागल्या. शब्द कळले नाहीत, पण अर्थ कळायला मला जर्मनची गरज नव्हती. बाई म्हणत होती, हिनं शपथ घेतली होती ना, मग हे काय चाललंय? त्यांनी फोनकडे हात नेला. झालं, मी मनात म्हटलं. संपलं सगळं.

"नाइन," लोटी म्हणाली.

नाही, म्हणजे. एवढा शब्द मला येत होता. माझ्याकडेच बघत होती, कपाळाला आठ्या घालून. मलाच नाही म्हणतेय, असं वाटलं मला.

"आधी काऊ," ती म्हणाली.

मी ऐकलं. त्यातला 'ऊ' जरा लांबला होता, बाकी सगळं लख्ख होतं. रेनाटेबाईंचा हात तसाच अर्ध्यावर राहिला. मार्कुसनं मान वर केली. त्या घरात ते दोन शब्द कुणाला कळण्यासारखे नव्हते, ते फक्त केतकीचे होते. म्हणजे केतकी स्वतःच्या घरी रोज पोरीला घास भरवत होती, काऊचा आणि चिऊचा, आणि मला सांगत होती की मराठी बोलायला वेळ मिळत नाही. तिला ते बोलणं वाटलंच नसेल. घास भरवताना जे तोंडातून येतं ते कुणी भाषा म्हणून मोजत नाही.

"चुकलं बाई माझं," मी म्हणाले, सरळ मराठीत. "आधी काऊ. चिऊला काय, सगळेच देतात."

नवा घास केला. "हा घास काऊचा."

"काऊचा," लोटी म्हणाली. तिनं चमचा उचलला, बटाट्याचा लहानसा गोळा घेतला आणि तोंडात घातला. चावला. गिळला.

रेनाटेबाईंनी उचललेला हात अगदी हळू टेबलावर ठेवला, आवाज होऊ नये अशा बेतानं. मार्कुस उठला आणि लोटीच्या खुर्चीमागे जाऊन पाठमोरा उभा राहिला. त्याच्या पाठीवरून मला कळत होतं तो काय करतोय ते.

"चिऊ," लोटीनं मला आठवण केली.

"हो गं, आहे लक्षात. हा घास चिऊचा."

दुसरा चमचा गेला. त्यात दोन मटारही होते. रेनाटेबाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले होते, आणि त्यांचे डोळे माझ्यावर होते. पहिल्यांदाच ती बाई माझ्याकडे विहिणीनं विहिणीकडे बघावं तशी बघत होती.

तिसरा घास मी न विचारताच केला. क्रम मला पाठ होता. "आणि हा घास बाबाचा," मी म्हणाले आणि मार्कुसच्या पाठीकडे बोट केलं.

लोटीनं मान हलवली. चुकले होते मी परत.

"आजी," ती म्हणाली.

मला आधी वाटलं, रेनाटेबाईंना म्हणतेय. पण त्यांना ती ओमा म्हणते. आजी त्या घरात कुणीच नव्हती. आजी फक्त सांगलीत होती. माझ्या लेकीनं बाबाला काढून तिसऱ्या घासाला मला बसवलं होतं, आणि ही पोर रोज जेवणात मला ओळखत होती. मी उगाच तिला सांगत होते, इकडे बघ, इकडे बघ.

लोटीनं चमचा काठोकाठ भरला. मला वाटलं, आता खाईल. पण तिनं तो स्वतःच्या तोंडाकडे नेलाच नाही. खुर्चीवर गुडघे टेकून ती उभी राहिली, टेबलावर पुरती वाकली आणि चमचा फोनच्या दिशेनं पुढे आणला, जवळ, आणखी जवळ.

"आजी, आ," ती म्हणाली.

रेनाटेबाई ओरडल्या. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मार्कुस काहीतरी म्हणाला आणि बहुतेक हसला. मला नीट दिसलं नाही. काचेवर सगळीकडे बटाटा झाला होता, आणि मी माझ्या स्वयंपाकघरात आ करून बसले होते.